शेतकरी कंपनीचा कारभार आणि सस्टेनेबिलिटी रिपोर्ट: आधी प्रोसिडिंग बुक, मग कार्बन

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका एफपीसीच्या, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीच्या, चेअरमन काकांचा फोन आला, म्हणाले, "अरे आपला माल घेणाऱ्या त्या कंपनीवाल्यांनी एक एक्सेल पाठवलीय, पाणी किती वापरलं, डिझेल किती जाळलं, बायकांना मजुरी किती दिली, आपण सोयाबीन विकतोय का जनगणना करतोय?" मी हसलो, पण खरं सांगायचं तर मी सीईओ असताना पहिल्यांदा अशी शीट आली तेव्हा मीही दोन दिवस ती उघडून नुसता बघत बसलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी जे सुचेल ते भरून पाठवून दिली होती. तिकडून एकच प्रश्न परत आला, "या आकड्यांचा पुरावा कुठे आहे?" पुरावा नव्हताच. तर हे लिखाण त्या काकांसाठी आणि अशी शीट पुढेमागे ज्यांना येणार आहे त्या सगळ्या एफपीसीवाल्यांसाठी आहे.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो, सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे झाडं लावल्याचे फोटो नव्हेत, तर कंपनीने पाणी, ऊर्जा, माणसं आणि कारभार कसा सांभाळला याचा आकड्यांतला हिशोब. ज्या कंपनीचं प्रोसिडिंग बुक (मीटिंगच्या ठरावांची वही), खरेदी रजिस्टर आणि काटापट्ट्या नीट आहेत तिचा रिपोर्ट बऱ्यापैकी तयारच असतो, फक्त कुणी बसून जुळवलेला नसतो. आणि ज्यांचं हेच नीट नाही त्यांनी कन्सल्टंटला कितीही पैसे देऊन चकचकीत रिपोर्ट करून घेतला तरी तो पहिल्या तपासणीत फाटतो. म्हणून क्रम असा ठेवा, आधी कारभार मग कार्बन.

हे प्रश्न येतात कुठून

सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, शेअर बाजारातल्या मार्केट कॅपनुसार (सगळ्या शेअर्सच्या एकूण किमतीनुसार) पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीचा रिपोर्ट सक्तीचा केलाय. त्याआधी बीआरआर नावाचा हलका अवतार होता, तो २०१२ ला पहिल्या १०० कंपन्यांपासून सुरू झालेला. बीआरएसआरचे तीन भाग, अ मध्ये कंपनीची माहिती, ब मध्ये धोरणं, आणि क मध्ये नऊ तत्त्वांप्रमाणे प्रत्यक्ष आकडे. ही नऊ तत्त्वं केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतली आहेत. मग २०२३ मध्ये सेबीने बीआरएसआर कोअर आणलं, म्हणजे त्यातले मोजके आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे, पहिल्या वर्षी १५० कंपन्या आणि मग टप्प्याटप्प्याने २०२६-२७ पर्यंत हजार.

आता तुम्ही म्हणाल आपण कुठे शेअर बाजारात आहोत. बरोबर, नाही आहोत. पण ज्या कंपनीला आपण माल देतो ती असते, आणि तिने तिच्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी असा एक भाग त्यात आहे. तो पहिल्या २५० कंपन्यांसाठी, आणि एकट्याने खरेदी-विक्रीच्या २ टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या पुरवठादार-ग्राहकांपुरता, शिवाय २०२५ मध्ये सेबीने तो ऐच्छिकही केला. म्हणजे कायद्याने बघितलं तर आपल्यासारख्या दोन-तीन कोटींच्या कंपनीला कुणी जबरदस्ती करू शकत नाही, हे नीट समजून घ्या, कारण "सेबीचा नियम आहे, आमच्याकडून रिपोर्ट करून घ्या नाहीतर दंड" असं सांगत फिरणारे लोक आहेत. तरीही खरेदीदार विचारतो कारण त्याला त्याचा परदेशातला ग्राहक विचारतो, त्याची बँक विचारते, आणि एक मजेशीर कारण आपल्या फायद्याचं आहे. बीआरएसआर कोअरमध्ये मोठ्या कंपनीला सांगावं लागतं की तुमच्या खरेदीतला किती टक्के माल छोट्या उद्योगांकडून आणि छोट्या उत्पादकांकडून थेट आला. व्यापाऱ्याकडून घेतला तर तो आकडा वाढत नाही, आपल्याकडून घेतला आणि आपण कागद दिला तर वाढतो. भाव ठरवताना हे पत्तं आपल्या हातात असतं आणि आपण ते कधी टाकतच नाही.

एक काम आजच करा. ज्या लिस्टेड (शेअर बाजारातल्या) कंपनीला माल देता तिचा मागच्या वर्षीचा बीआरएसआर उघडा, एनएसई-बीएसईच्या साइटवर किंवा वार्षिक अहवालातच मिळतो, फुकट. तत्त्व ८ खाली छोट्या उत्पादकांकडून केलेल्या खरेदीचा तो टक्का बघा, तत्त्व १ खाली व्यापाऱ्यांमार्फत किती खरेदी आणि पेमेंटला किती दिवस लावतात ते बघा. पेमेंटचे दिवस म्हणजे साधं गणित, देणी गुणिले ३६५ भागिले वर्षभराची खरेदी. आपल्या स्वतःच्या कंपनीचंही काढून बघा. समजा ३१ मार्चला शेतकऱ्यांचे १२ लाख द्यायचे होते आणि वर्षभराची खरेदी १ कोटी ४६ लाख, तर बरोबर ३० दिवस. आडत्या चोवीस तासांत रोख देतो म्हणून सभासद तिकडे जातो, हे आपल्या प्रत्येक मीटिंगमध्ये बोललं जातं पण हा आकडा काढून भिंतीवर कुणी लावत नाही.

घर आधी झाडून घ्या

शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा २००३ पासून आहे, वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून आला, आता तो कंपनी कायदा २०१३ च्या प्रकरण २१अ मध्ये, कलम ३७८अ पासून पुढे. चेअरमन-संचालकांनी ही कलमं निदान एकदा मराठीत कुणाकडून तरी समजून घ्या, सीए सांगेल तेवढंच आपल्याला माहीत अशी परिस्थिती फार ठिकाणी आहे.

संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५, मुदत एक ते पाच वर्षं. बोर्ड मीटिंग तीन महिन्यांत एकदा तरी आणि वर्षात किमान चार, नोटीस सात दिवस आधी, कोरम (किमान हजेरी) एक तृतीयांश पण तीनपेक्षा कमी नाही. आता प्रत्यक्षात काय होतं तर मार्च संपला की सीएच्या ऑफिसमधून फोन येतो आणि एकाच दिवशी एकाच पेनने चार मीटिंगचं प्रोसिडिंग लिहिलं जातं. बोलून दाखवत नाही कुणी, पण शाईवरून कळतं हो. मी स्वतः पहिल्या वर्षी हे केलंय. नंतर बँकेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी वही चाळली, आणि ज्या तारखेला आमची "मीटिंग" झाली होती त्या दिवशी बैलपोळा होता असं शांतपणे दाखवून दिलं. आमच्या मराठवाड्यात पोळ्याला कुठली मीटिंग.

त्यानंतर मी एक पद्धत लावली ती सांगतो. मीटिंग आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी ११ ला, कारण संचालक तालुक्याला येतातच. वही बांधीव आणि पानांवर नंबर टाकलेली. अजेंडा व्हॉट्सॲपवर सात दिवस आधी, त्याचा स्क्रीनशॉट प्रिंट काढून वहीत. ठराव मीटिंगमध्येच वाचून दाखवायचा, सूचक अनुमोदक तिथेच, आणि ३० दिवसांच्या आत लिहून सही. ज्याने विरोध केला त्याचा विरोधही लिहायचा. आमच्या एका संचालकाने गोदामाच्या जागेला विरोध केला होता तो मी लिहिला, चेअरमन चिडले, पण दोन वर्षांनी त्याच पानाने बोर्डाची अब्रू वाचवली, ते सविस्तर परत कधीतरी.

सीईओ पूर्णवेळ हवा आणि तो सभासद नको, कायद्यातच आहे. आमच्या घरात वडील सभासद, मी नाही, असं जमलं. पण बऱ्याच ठिकाणी चेअरमनचा मुलगा सीईओ, सून अकाउंटंट, आणि कंपनीचं ऑफिस म्हणजे चेअरमनचा ओटा. नातेवाईक असणं गुन्हा नाही, तो ठराव नात्याचा उल्लेख करून आणि चेअरमनला बाहेर बसवून झालाय का एवढं बघा.

हितसंबंध हा खरा विषय आहे आणि आपल्याकडे त्यावर बोलणं म्हणजे भांडण. एफपीसीत हे तीन जागी अडकतं, संचालकाचं कृषी सेवा केंद्र, संचालकाचा ट्रक, संचालकाचं गोदाम. कंपनी खतं-बियाणं संचालकाच्या दुकानातून घेते, माल संचालकाच्या गाडीतून पाठवते, ठेवते संचालकाच्या शेडमध्ये. कधीकधी हे खरंच स्वस्तही असतं! म्हणून बंदी घालू नका, लिहा. दर आर्थिक वर्षातल्या पहिल्या बोर्ड मीटिंगला प्रत्येक संचालकाकडून एमबीपी-१ फॉर्म घ्या, त्यात कुठल्या धंद्यात त्याचा संबंध आहे ते आलं. मग त्या विषयावर तो संचालक मतदानाला बसणार नाही, तीन कोटेशन, आणि दर वहीत. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आडवा येतो असा माणूस तर सभासदच होऊ शकत नाही, हेही कायद्यात आहे, गावातला माल खरेदी करणारा व्यापारी भावाच्या नावाने सभासद झालाय का ते जरा बघा. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाईकाला कर्ज-ॲडव्हान्स द्यायचा तर बोर्डाने ठरवून चालत नाही, सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

तज्ज्ञ संचालक एकूण संचालकांच्या एक पंचमांशपर्यंत घेता येतात. आपण तिथे कार्यकर्ते भरतो. त्याऐवजी एक रिटायर्ड बँक मॅनेजर घ्या, असा की जो मीटिंगमध्ये चहा यायच्या आधी ट्रायल बॅलन्स मागेल. आणि महिला संचालक घ्याल तर त्या स्वतः येतील अशा घ्या, सरपंचपती बघून झालेत, आता संचालकपती नकोत.

एजीएम, म्हणजे खरी परीक्षा

पहिली एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) नोंदणीपासून ९० दिवसांत, पुढे दोन एजीएममध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, नोटीस १४ दिवस आधी. इथपर्यंत ठीक. कोरम एक चतुर्थांश सभासद. ६०० सभासदांची कंपनी असेल तर १५० माणसं मंगल कार्यालयात आणून बसवायची, हे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. ९० जण आले की नंतर घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतात, आणि मग एखादा नाराज सभासद तक्रार करतो की मी तर त्या दिवशी पुण्यात होतो, माझी सही कशी.

उपाय सोपा नाही पण आहे. तारीख ऑगस्ट-सप्टेंबरची घ्या, सोयाबीन काढणीच्या आधीची, फवारण्या उरकत आलेल्या असतात. त्याच दिवशी पॅट्रोनेज बोनसची यादी वाचा, म्हणजे कुणी किती माल घातला आणि त्यावर कुणाला किती मिळणार. बोनस शेअरवर नाही, कंपनीशी केलेल्या व्यवहारावर मिळतो हे लोकांना समोर यादी बघितल्याशिवाय पटत नाही. पैशाची यादी वाचणार म्हटल्यावर माणसं येतात, आम्ही जेवण ठेवून बघितलं होतं, त्यापेक्षा याने जास्त आली. आणि मत एका सभासदाला एकच, शेअर दहा असोत का हजार, हेही दरवर्षी सांगा कारण गावातली मोठी मंडळी विसरतात.

कमी आले तर सभा तहकूब करा, तसं लिहा, पुढची तारीख लावा. खोटा कोरम लिहू नका.

फायलिंगचं, म्हणजे कंपनी निबंधकाकडे भरायच्या फॉर्मचं, थोडक्यात: नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू केल्याची घोषणा), दरवर्षी एओसी-४ (हिशोब) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण), उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार, म्हणजे एका छोट्या एफपीसीचा वर्षाचा नफा कधीकधी तेवढाच असतो. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, आणि ते फक्त या कंपनीपुरतं नाही. सलग तीन वर्षं उलाढाल सरासरी ५ कोटींच्या वर गेली तर पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी लागतो, हे वाढणाऱ्या कंपन्या हमखास विसरतात.

आता आकडे, आणि सुरुवात काट्यापासून

सगळं एकदम मोजायला जाऊ नका. एक पीक, एक हंगाम. आम्ही सोयाबीन घेतलं.

खरेदी रजिस्टरमध्ये बहुतेक ठिकाणी नाव, वजन, मॉइश्चर, दर, रक्कम असतं. त्यात दोन रकाने वाढवा, गट नंबर आणि पेरा किती एकर. सातबारावरची ई-पीक पाहणीची नोंद मोबाइलवर बघून घ्या. आता गंमत बघा. एका सभासदाचा पेरा ३ एकर, आमच्याकडे चांगल्यात चांगलं एकरी ९-१० क्विंटल होतं, म्हणजे फार तर ३० क्विंटल, आणि त्याच्या नावावर काट्याला ७४ क्विंटल उतरलेत. म्हणजे उरलेला माल कुणाचा? व्यापाऱ्याचा. हमीभाव खरेदीत हे सर्रास चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑडिटरला जो प्रश्न पडायला हवा तोच हा प्रश्न, आणि खरेदीदाराच्या शीटमध्ये ज्याला ट्रेसेबिलिटी (मालाचा माग) म्हणतात तीही हीच. एकच रकाना दोन्ही कामं करतो, म्हणून मी म्हणतो कारभार आणि सस्टेनेबिलिटी असे दोन विभाग करूच नका.

नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले हे वाचून हसतील, त्यांच्याकडे अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटप्लॉटची नोंदणी आणि निर्यातीआधी रेसिड्यू (औषधाच्या अंशांची) टेस्ट कधीपासून चालू आहे. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, वेलीची वाढ रोखायला लिहोसिन म्हणून जे वापरायचे तेच. त्यातून जो धडा द्राक्षवाल्यांनी घेतला तो कडधान्य-तेलबियावाल्यांना अजून घ्यायचाय.

ऊर्जा: गोदाम आणि क्लिनिंग-ग्रेडिंग मशीनची बारा महिन्यांची लाइट बिलं काढा, युनिट बेरीज करा. ग्रिडच्या विजेला एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, डिझेलला लिटरमागे २.६८ किलो. समजा ९,६०० युनिट आणि जनरेटरला ४०० लिटर डिझेल, तर ६.७ टन अधिक १.१ टन, झाले ७.८ टन. स्वतः जाळलं ते स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि आपल्या मालाच्या पुढे-मागे बाकीच्यांकडून जे होतं ते स्कोप ३. खरेदीदाराच्या नजरेत आपण अख्खेच्या अख्खे स्कोप ३ आहोत, म्हणून तर तो एवढा मागे लागतो.

पण खरं वजन गोदामात नाही, बांधावर आहे. युरियाचं एक पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या ढोबळ हिशोबाने त्यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, वायूच्या वजनात ते भरतं सुमारे ०.३२५ किलो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणजे ८९ किलो. युरिया जमिनीत विरघळताना आणखी सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका पोत्याला झाले १२० किलोच्या वर, कारखान्यात तयार करताना लागलेला गॅस यात धरलेलाच नाही. आता तुमच्या कंपनीच्या खत दुकानातून वर्षात २,००० पोती गेली असतील तर २४० टन. गोदामाचे ७.८ कुठे आणि हे २४० कुठे! गोदामावर सोलर बसवून फोटो काढायला माझी ना नाही, पण बदल दाखवायचाच असेल तर माती परीक्षण करून सभासदाचं एकरी एक पोतं कमी करून दाखवा, त्याचे पैसेही वाचतात.

आणि या आकड्यासाठी सर्व्हे लागत नाही, खताची विक्री पॉस मशीनवर होते, सगळी नोंद दुकानात पडलीय. फक्त एक काळजी घ्या, ती सगळी पोती सोयाबीनवर गेली असं दाखवू नका, सोयाबीनला मुळात युरिया फार लागत नाही, ती कापूस-ऊस-गव्हावर गेलेली असतात. पीकवार वाटणी माहीत नसेल तर २०-२५ सभासदांना विचारून अंदाज काढा आणि "अंदाज, इतक्या सभासदांना विचारून" असंच लिहा.

पाण्याचं पण तसंच. शेतपंपाला मीटर बहुतेक नसतंच, तेव्हा किती पाळ्या, पाळीला किती तास, पंप किती एचपीचा, ठिबक का पाट एवढं विचारा. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, तासाला साधारण तेवढीच युनिट. कोरडवाहू सोयाबीनला पाणी शून्य लिहायला लाजू नका, ते खरंच शून्य आहे आणि खरेदीदाराला आवडतं.

माणसांचा रकाना

इथे सगळे अडखळतात. ग्रेडिंगला बसणाऱ्या बायकांची रोजंदारी आणि हमालांची रोजंदारी हजेरी रजिस्टरमध्ये वेगवेगळी दिसते, काम वेगळं आहे असं आपण सांगतो, काही अंशी खरंही आहे, पण एकाच कामाला बाई-माणसाचा दर वेगळा असेल तर तो आधी सारखा करा, मग शीट भरा. किमान वेतनाचा चालू दर माहीत करून घ्या. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती हवी. ती कागदावर सुद्धा नसलेल्या एफपीसी मी खूप बघितल्यात.

फवारणीचा वेगळा रकाना करा. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले होते. तुमचं दुकान औषध विकत असेल तर मास्क-हातमोजे किती विकले किंवा वाटले, प्रशिक्षण कधी घेतलं, किती जण होते, सह्यांसकट. ऊस-साखरेत असाल तर तोडणी मजुरांचा विषय टाळता येणार नाही, बीडच्या तोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. परदेशी खरेदीदाराला हे सगळं माहीत असतं. त्याच्यापुढे "आमच्याकडे असं काही नाही" एवढं एक वाक्य लिहून चालत नाही, मुकादमाशी करार काय, उचल किती, दवाखान्याची सोय काय हे लिहावं लागतं.

लिहायचं कसं

सहा ते आठ पानं पुरे, मराठीत, एजीएमच्या अहवालातच जोडलेली. खरेदीदाराला इंग्रजी हवं असेल तर नंतर भाषांतर करा, पण आधी सभासदाला कळू दे. आराखडा हवा असेल तर कंपनी मंत्रालयाच्या समितीने २०२० मध्ये छोट्या, लिस्टेड नसलेल्या कंपन्यांसाठी बीआरएसआरचाच "लाइट" नमुना सुचवला होता, तो बघा. जीआरआय या आंतरराष्ट्रीय संस्थेचं जीआरआय १३ म्हणून खास शेती-मत्स्यव्यवसायाचं एक मानक २०२२ मध्ये आलंय, त्यात २६ विषय आहेत, ते सगळे घेऊ नका, बोर्डासमोर यादी ठेवून पाच-सहा निवडा आणि का निवडले ते ठरावात लिहा. आमच्याकडे माती, खत, पाणी, मजुरी, मालाचा माग आणि पेमेंटचे दिवस एवढे ठरले होते.

प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी, कुठल्या रजिस्टरमधून घेतला, मोजलेला का अंदाजाचा, आणि कुणी काढला. माहीत नसेल तिथे "नोंद नाही, पुढच्या खरिपापासून ठेवू" लिहा. मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा चेअरमन म्हणाले अरे हे पाठवलं तर ऑर्डर जाईल. ऑर्डर गेली नाही, उलट तिकडच्या मॅडमनी फोन करून कुठलं रजिस्टर कसं ठेवायचं ते समजावलं.

दाव्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. सेंद्रिय म्हणायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकाचं सर्टिफिकेट हवं, "रेसिड्यू फ्री" म्हणायचं तर लॅबचा रिपोर्ट, आणि "केमिकल फ्री", "झिरो कार्बन" असलं तर पोत्यावर छापूच नका. कार्बन क्रेडिटवाले (कार्बन कमी केल्याचे पैसे मिळवून देऊ म्हणणारे) एजंट आले की करार मराठीत मागा, किती वर्षांचा, पैसे कुणाच्या खात्यात, मध्ये बाहेर पडलो तर काय, एवढं वाचून बोर्डात ठराव झाल्याशिवाय एकाही सभासदाचा अंगठा देऊ नका.

मोठं व्हायचंय त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सची रचना अभ्यासावी. शेतकरी कंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला शेअर देता येत नाहीत, म्हणून त्यांनी प्रक्रिया-मार्केटिंगची वेगळी कंपनी खाली काढली आणि २०२२ मध्ये तिच्यात परदेशी गुंतवणूकदारांचे सुमारे ३१० कोटी आले. असे गुंतवणूकदार ताळेबंदाइतकेच मजुरी, पाणी, तक्रार निवारण याचे कागद मागतात, आणि हे कागद पैसे यायच्या आधीच्या वर्षांचे लागतात, नंतर करून चालत नाहीत.

चेअरमन काकांना मी शेवटी एवढंच काम दिलं, या खरिपाच्या खरेदी रजिस्टरला गट नंबर आणि एकराचे दोन रकाने आखा, आणि सीएच्या ऑफिसात जाऊन सगळ्या संचालकांची डीएससीची (डिजिटल सहीची) टोकनं परत आणा. काय फाइल होतंय ते न बघता सही होते ती तिथेच, त्यांच्या ड्रॉवरमध्ये, रबर लावून ठेवलेल्या गठ्ठ्यात.